काही विशेष नाही, सर

सर, परवा दुपारी आमगावच्या एका मुलीने तुमचा कागद मला वाचून दाखवला. तोच, जाड तपकिरी, दहावीच्या निरोपसमारंभाच्या दिवशी तुम्ही गुंडाळी करून, सुतळीने बांधून माझ्या हातात ठेवला होता तो. "यात तुझं हाये," म्हणाला होतात, "पण तुले वाचता येणार नाई. ज्याले येते त्याच्याकडून वाचून घे." मी हो म्हणाले आणि घरी जाऊन तो पेटीच्या तळाशी, स्वेटरांखाली सरळ करून ठेवून दिला. आईने विचारलं, सरांनी काय दिलं, तर म्हणाले, काही विशेष नाही. पुढे मी नागपूरला शिकायला गेले. तुम्ही गेल्याची बातमी तिथे हॉस्टेलच्या फोनवर कळली आणि परीक्षा आहे म्हणून मी आले नाही. परीक्षा खरंच होती, पण गाडी पकडून, तुम्हाला बघून परत जाता आलं असतं. मग लग्न झालं, गोंदियाजवळ कुडव्याला राहायला आले, पेटी माझ्याबरोबर आली आणि कागद तिच्या तळाशी तसाच राहिला. त्यात काय असणार याचा मला पक्का अंदाज होता. तुम्ही माझी चोरी पकडली होती आणि ती तुमच्या ब्रेलच्या ठिपक्यांत लिहून माझ्याच हातात दिली होती, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. अंदाज बरोबर निघाला, सर. तरीही परवापासून इतकं मोकळं वाटतंय की पोळ्या लाटताना मी गुणगुणते आहे आणि घरचे एकमेकांकडे बघताहेत. त्यांना काही सांगण्याआधी तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले.

शाळा सुटल्यावर तुमची दुसरी शाळा व्हरांड्यात भरायची. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पांढरी काठी दुमडून मांडीवर, आणि समोर सतरंजीवर आम्ही तिघी-चौघी. इतिहास-भूगोलाचे सर जन्मापासून आंधळे, हे ऐकून गावातल्या लोकांना सुरुवातीला मोठाच प्रश्न पडला होता म्हणे, की हे पोरांचे पेपर तपासणार कसे. त्याचं उत्तर आम्ही होतो. आम्ही वाचायचं, तुम्ही ऐकायचं, गुण सांगायचे, आम्ही ते लाल पेनाने पेपरवर लिहायचे. आणि तेच गुण तुम्ही तुमच्या पाटीत कागद अडकवून टोचणीने टोचून ठेवायचात, टक टक टक. म्हणजे कोणी मैत्रिणीसाठी दहाचे बारा केले तर तुमच्या कागदावर दहाच राहणार. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून कोणी त्या वाटेला गेलं नाही. नियम एकच होता, आपला स्वतःचा पेपर आपण वाचायचा नाही. गठ्ठे वाटताना तुम्ही ते विचारून घ्यायचात, आणि आम्ही एकमेकींचे पेपर अदलाबदल करून खाली बसायचो.

पेपर वाचायला पाळ्या असायच्या, पण वर्तमानपत्र वाचायचं काम रोज माझंच. माझा आवाज खणखणीत होता आणि मी घाई करत नसे, असं तुमचं म्हणणं. घाई मी करायचे, सर, फक्त ती ऐकू येणार नाही अशी करायचे. पहिलं पान नीट वाचायचं, खेळाचं थोडंफार, आणि आतली पानं भराभर उलटून म्हणायचं, "बाकी काही विशेष नाही, सर." बाहेर सायकल उभी असायची, मैत्रिणी पुढे गेलेल्या असायच्या. एक दिवस तुम्ही काठी उलगडली. मला वाटलं उठताय. तर ती फरशीवर एकदा आपटली आणि विचारलंत, "तू वाचून राहिली का सांगून राहिली?" मला प्रश्नच कळला नाही. "त्या पानावर का हाये?" मी म्हटलं, जाहिराती आहेत. "कायच्या?" निविदा आहेत, हरवलं-सापडलं आहे. "मंग ते वाच. विशेष हाये का नाई, ते मी ठरवीन. तुले डोळे हायेत म्हणून तू ठरवशील का?" इतक्या मोठ्याने बोलला होतात की मुख्याध्यापक खोलीतून बाहेर डोकावले. माझे कान तापले. मी रडकुंडीला येऊन ते आख्खं पान वाचलं, रस्त्याच्या खडीकरणाची निविदा, विहिरीची निविदा, कोणाच्या तरी नावात बदल. आणि मग एक चार ओळींची सूचना आली, एकाची दहावीची गुणपत्रिका प्रवासात हरवली होती. तुम्ही मला थांबवलंत. "नाव परत वाच." मी वाचलं. "हा आपला पोरगा हाये. मागच्या बाकावर बसे, लय बडबड्या." दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसात जाऊन त्याला निरोप धाडायची व्यवस्था केलीत, की दुसरी प्रत कशी काढायची ते शाळेतून येऊन समजून घे. तो आला, तुमच्या पाया पडला. मी व्हरांड्यात उभी राहून ते बघत होते आणि मला फार राग येत होता, तुमचा की माझा ते आठवत नाही.

आता त्या पेपराचं. नववीतली दुसरी घटक चाचणी, भूगोल. चौथा प्रश्न होता पाच गुणांचा, धानाच्या पिकाला लागणारं हवामान आणि लागवडीची पद्धत. माझ्या घरी धानाशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं. रोवणीच्या दिवसांत मी सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आणि दुपारी शाळेत, पायांना चिखल तसाच. प्रश्न बघून मला हसू आलं. हे तर झोपेत येतं, शेवटी लिहू, आधी ते विषुववृत्तीय जंगल उरकू. जंगलाने घात केला. घंटा झाली तेव्हा चौथ्या प्रश्नाचा नुसता आकडा लिहिलेला होता आणि खाली अर्धं पान कोरं. त्या दिवशी व्हरांड्यात माझी जोडीदारीण आली नव्हती, तिला ताप होता. अदलाबदल झालीच नाही, आणि तुम्हीही कधी नव्हे ते विचारायचे राहिलात. माझ्या गठ्ठ्यात चौथाच पेपर माझा निघाला. मी बैठक क्रमांक वाचला आणि पुढे वाचत गेले. चौथा प्रश्न आला. मी थांबले नाही, सर. मी कोऱ्या पानाकडे बघत उत्तर वाचलं. मृगात रोपांसाठी पऱ्हे टाकतात, ते वीतभर झाले की उपटतात, बांधीत पाणी अडवून चिखल करतात, मग बायका ओळीने वाकून रोवणी करतात. मध्येच एकदा "अक्षर लागत नाही, सर" असंही म्हणाले. तेवढी अक्कल मला होती.

तुम्ही म्हणालात, "परत वाच." मी परत वाचलं, म्हणजे परत सांगितलं. या वेळी पाऊस आधी आला, आणि बांधीला पाणी अडवायची पाळ कशी घालतात तेही आलं, जे पहिल्या वेळी नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा वाक्य निम्म्यावर होतं. टोचणी चालू झाली आणि ती नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ चालली. एका आकड्याला किती टोचे लागतात ते आम्हाला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. हा आकडा नव्हता, चांगल्या दोन-तीन ओळी होत्या. मग म्हणालात, "पाच लिही." मी माझ्या हाताने माझ्या पेपरवर लाल पेनाने पाच लिहिले. पुढच्या चाचणीपासून आमचे पेपर दहावीच्या मुली वाचू लागल्या आणि आमच्या वर्गाला खालच्या वर्गांचे मिळाले. कारण तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत. वर्तमानपत्र मात्र शेवटपर्यंत माझ्याकडेच ठेवलंत, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. एकदा ओरडला असतात तर बरं झालं असतं, असं किती वेळा वाटलं.

मी आता वेबसाइट बनवते, सर. तुमच्या वेळी हा शब्द आपल्याकडे फारसा नव्हता. संगणकावर, फोनवर शाळा-कॉलेजची, दुकानांची पानं असतात, लोक घरी बसून वाचतात, अर्ज भरतात. कुडव्याच्या घरात पुढच्या खोलीत टेबल टाकलं आहे, तिथे बसून मी हे करते. मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या एका कॉलेजची साइट केली. रंग छान, वरच्या बाजूला फिरणारे फोटो, प्रवेशाचा अर्ज सगळा तिथेच. मला तिचा भारी अभिमान होता. खाली बारीक अक्षरात माझा नंबरही टाकला होता, बनवणारीचा म्हणून. त्या नंबरवर या वर्षी प्रवेश सुरू झाल्यावर फोन आला. "ते वेबसाइटवाल्या मॅडम तुमीच का? माह्या पोरीले बोलाचं हाये." पलीकडून पोरगी म्हणाली, "मॅडम, मी दिसत नसलेली हाये. तुमच्या अर्जात मले माझं नावबी टाकता येऊन नाई राहिलं. तुमी घरी हाय का? आमी येतो." आणि दोघं बापलेक आमगावहून मोटारसायकलवर आलीसुद्धा.

मुलगी वीस-एकवीसची, नागपूरच्या अंधशाळेत शिकलेली, ताठ बसणारी. वडील बोलके. त्यांनीच सगळं सांगितलं. मागच्या वर्षी तिचा अर्ज गावातल्या एका ऑनलाइन सेंटरवाल्याने भरून दिला. तिने विषय सांगितला एक, त्याने टाकला संगीत. "म्हणे आंधळ्या पोरीले संगीतच बरं. मले बी वाटलं, बरंच केलन." मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, मी बेसूर हाये." ते तिने इतक्या सरळपणे सांगितलं की मला हसू आवरेना, आणि मग लक्षात आलं की ती हसत नाहीये. चार महिने ती बेसूर गळ्याने त्या वर्गात बसली होती. विषय बदलायची मुदत निघून गेलेली, शेवटी कॉलेजच सोडलं. आता पुन्हा प्रवेश घ्यायचा होता आणि मुदत दहा दिवसांवर होती. "औंदा जमलं तं जमलं," वडील म्हणाले, "नाई तं मंग घरीच राहा म्हणतो मी. कितीदा धावाचं? तसं संगीतच परत घेतलं तं का बिघडते?" मुलीने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे तुमी बनवलं ना? मंग तुमीच भरून दाखवा. डोळे मिटून."

अशा लोकांसाठी आता फोन बोलतो, सर. बोट पडद्यावर जिथे फिरवाल तिथे काय आहे ते वाचून दाखवतो, घाईघाईत, एका सुरात. मी डोळे मिटले आणि माझ्याच साइटवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, इमेज. पुढे सरकवलं. इमेज. मग बटन. कसलं बटन ते नाही, नुसतं बटन. प्रवेशाची सूचना मी कागदाचा फोटो काढून लावली होती, तिच्यावर फोन म्हणाला, इमेज. नावाच्या रकान्यावर म्हणाला, लिहायची जागा. वडिलांच्या नावावर, लिहायची जागा. जन्मतारखेवरही तेच. कुठे काय लिहायचं ते मी रकान्याच्या बाजूला ठळक छापलं होतं, पण ते रकान्याला जोडलंच नव्हतं. चाचपडत अर्ध्यापर्यंत गेले तर वेळ संपल्यामुळे सगळा अर्ज पुसला गेला. ती वेळही मीच ठरवली होती, पंधरा मिनिटं, मला चार लागतात म्हणून. मी डोळे उघडले. ओशाळून काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "वरती तसं काही विशेष नाही गं, फोटोच आहेत." हे शब्द तोंडातून गेले आणि मला व्हरांडा आठवला. तुमची काठी फरशीवर आपटलेली ऐकू आली म्हटलं तर खोटं होईल, पण कान तेव्हासारखेच तापले.

दहा दिवसांत जेवढं करता येईल तेवढं करायचं ठरवलं. कॉलेजच्या बाबूंना फोन केला. ते गोंदिया शहरातले, त्यांचं सगळं अर्धं हिंदीत. "अरे मॅडम, सालभर में एखादा येतो असा. आपला माणूस भरून देतो ना. इतना टेन्शन क्यों?" मी म्हटलं, भरून देणाऱ्यानेच तर घोळ केला. ते म्हणाले, बघा बाबा तुम्ही, साइट बिघडवू नका म्हणजे झालं. मग मी बसले. प्रत्येक रकान्याला त्याचं नाव जोडलं. सूचना पूर्ण टाइप केली, आतल्या पोटकलमांसकट, आणि प्रत्येक ओळीला वाटत होतं की हे तर कोणी वाचतच नाही, गाळू या का. गाळलं नाही. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारं ते चित्र काढून टाकलं आणि फोनवर येणारा आकडा टाकायची सोय केली. वेळ वाढवली. मग राहिले फोटो. फोटोच्या मागे त्याचं वर्णन लिहायची जागा असते, ती मी सगळीकडे रिकामी सोडली होती. कॉलेजच्या इमारतीच्या फोटोला पहिल्यांदा लिहिलं, सुंदर आणि प्रशस्त इमारत. लगेच पुसलं. सुंदर आहे की नाही हे ठरवणारी मी कोण? मग लिहिलं, दोन मजली पिवळी इमारत, दारापुढे आठ पायऱ्या, उतार नाही. दुसऱ्या दिवशी बाबूंचा फोन. त्यांनी कुठून ते वाचलं देव जाणे. "मॅडम, ते उतार नाही कायले लिहिलं? इन्स्पेक्शनवाले वाचतील ना." मी म्हटलं, मग उतार बांधा, मी वाक्य बदलते. त्यांनी विचार करतो असं सांगितलं आणि संध्याकाळी फोटोच काढायला लावला. हे ऐकून तुम्ही नक्की हसला असतात, मान मागे टाकून.

मुलगी मध्ये एकदा येऊन गेली आणि चौदा चुका काढून गेली. तिची जीभ तुमच्यासारखीच आहे. "इथं तारीख टाकाची तं कोणत्या कॅलेंडरात बोट घालू? सरळ लिहू द्या ना." विषयांची यादी मी बोटाने ओढून वरखाली लावायची केली होती, त्यावर तिने नुसता सुस्कारा सोडला. ते सगळं उपटून साधी यादी केली, एक विषय, एक खूण. चुका ऐकताना पहिल्यांदा जीव जायचा, नंतर मी वही घेऊन बसायला लागले. मुदतीला दोन दिवस उरले असताना, परवा, ती तिसऱ्यांदा आली. अर्धा अर्ज व्यवस्थित भरून झाला आणि लाइन गेली. इंटरनेट बंद, माझा संगणक बंद. वडील पानठेल्यावर जाऊन येतो म्हणून बाहेर पडले. आम्ही दोघीच बसलो. पंखा नाही, उकडतंय, बोलायला काही नाही. आणि मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि पेटी उघडली. का ते विचारू नका. इतकी वर्षं ज्याला वाचता येतं असं माणूस माझ्या घरात कधी आलंच नव्हतं, आणि आज ते समोर बसून चहा पीत होतं.

तिने कागद मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. पहिलं काय म्हणाली असेल, सर? "हा असा दाबून ठेवत असतेत का? ठिपके बसून गेले ना." मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तिची बोटं डावीकडून उजवीकडे हळू सरकत होती. वर इयत्ता होती, घटक चाचणी दुसरी, विषय भूगोल. मग माझा बैठक क्रमांक, आणि प्रश्नवार गुण. पहिला सात. दुसरा चार. तिसरा, जंगलाचा, दोन. एवढं करून दोनच! मग तिची बोटं थांबली आणि मागे जाऊन परत पुढे आली. तिने एकसुरात, जसं होतं तसं वाचलं, "प्रश्न चौथा, कोरा. तोंडी सांगितला. परत विचारला, परत बरोबर. शब्द वेगळे, म्हणजे पाठ नाही, येते. तोंडी पाच." ती म्हणाली, "पुढं एक ओळ हाये, पण ती सपाट झाली. पहिला शब्द पोरगी हाये. बाकीचं लागत नाई." मी म्हटलं, अगं, अंदाजाने सांग ना, काय असेल. तिने मान माझ्याकडे वळवली. "अंदाज कायले सांगू? लिहिलं ते वाचलं."

मग मी रडले, सर. तिला ऐकू गेलंच असणार. तिने कागदाची परत सैल गुंडाळी केली आणि माझ्या हातात देऊन सांगितलं, की आता उभा ठेवा. तुम्ही मला चोर लिहिलं नव्हतं. तुम्हाला पहिल्या वेळीच कळलं होतं, तरी तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत ते मला पकडायला नाही, मला खरोखर येतं की नाही ते बघायला. जे घडलं ते तुम्ही घडलं तसं लिहिलंत, कोरं ते कोरं आणि तोंडी ते तोंडी. वाचणाऱ्या मुली बदलल्या ती मला शिक्षा नव्हती. नियमाला भोक पडलं होतं, ते तुम्ही बुजवलंत. ज्या कागदाला मी इतकी घाबरून होते त्यात मला पाच गुण होते. ती शेवटची ओळ काय होती ते आता कधीच कळणार नाही, आणि त्याला जबाबदार माझे स्वेटर आहेत. याचं वाईट वाटतं, पण थोडंच.

लाइन काही आली नाही. जाताना वडील म्हणाले, "बाकीचा उद्या येऊन तुमच्याच पुढं भरून टाकू, मॅडम. तुमी विषयावर लक्ष ठेवजा." मुलगी म्हणाली, "नाई. मी घरीच भरीन." मी तिला म्हटलं, अडलं तर फोन कर. काल सकाळपासून मी फोन हातात घेऊन फिरत होते. आंघोळीला जातानासुद्धा तो बाहेरच्या स्टुलावर ठेवला होता. दुपारी तो वाजला. तिने सांगितलं, "मॅडम, झालं. गेला अर्ज. मागच्या अंगणात बसून भरला, कोणाले विचारलं नाई." मी विचारलं, सगळं नीट वाचलं ना फोनने? "हाव. सगळं. ते पोटकलमंबी वाचले. लय कंटाळवाणे हायेत." आम्ही दोघी हसलो. कोणता विषय टाकलास हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. ते तिने तिच्या वडिलांना सांगितलं की नाही, सांगितल्यावर घरात काय झालं, मला ठाऊक नाही. मी फोन ठेवला, पाणी प्यायले आणि खुर्चीत बसून राहिले. कोणीतरी काय लिहिलं ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसायला मीच इतके दिवस राबले, हे मला फार बरं वाटलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते तर आहेच. पण तुम्ही असतात तरी पूर्वी ते मी लिहिलं नसतं. व्हरांड्यात बसून कोणीतरी मुलीने ते तुम्हाला वाचून दाखवलं असतं आणि आपल्या दोघांतली गोष्ट तिसरीच्या तोंडून आली असती. आता तसं राहिलेलं नाही. लिहून झाल्यावर मी पडदा बंद केला, डोळे मिटले आणि यंत्राकडून हे पहिल्यापासून ऐकलं. त्याने काही गाळलं नाही. हॉस्टेलच्या फोनवर बातमी कळूनही मी आले नाही तेही वाचलं, मला ते चुकवायचं होतं.

त्यात एकच गोष्ट आली नव्हती, ती आता लिहिते. कॉलेजकडे आलेल्या अर्जांची यादी मला उघडता येते, ती बनवलीच मी. काल तिचा फोन ठेवल्यावर मी ती उघडली. अर्ज पोहोचला की नाही तेवढं बघायचं, असं स्वतःला सांगून उघडली. तिचं नाव होतं, पुढे क्रमांक होता. नावावर बोट दाबलं की आख्खा अर्ज उघडतो, विषयासकट. माझं बोट तिथे होतं, सर, बराच वेळ होतं. मी दाबलं नाही. यादी बंद केली, त्या यादीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, बाबूंच्या नावावर करून दिली आणि माझी काढून टाकली. एवढंच झालं. तुम्ही "परत वाच" म्हणालात, तर या वेळी शब्द तेच येतील.